आभासी यंत्राचा आखूड पडदा

घरांत संगणक एकच असतो. त्यावर वडिलांचे हिशेब असतात, आईच्या शाळेचे कागद असतात, लग्नकार्यांचीं छायाचित्रें असतात. आणि त्याच यंत्रावर कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला लिनक्स शिकावयाचें असतें. मूळची व्यवस्था पुसून नवी घालण्यास घरांतून परवानगी मिळणें कठीण, आणि ती मागणें शहाणपणाचेंहि नव्हे. म्हणून तो मधला मार्ग काढतो. संगणकाच्या आंत दुसरा एक काल्पनिक संगणक उभा करावयाचा, लिनक्सची स्थापना त्यांत करावयाची, आणि घरच्या कारभाराला धक्का न लावतां आपला अभ्यास चालवावयाचा. ह्या काल्पनिक संगणकाला आभासी यंत्र असें म्हणतात.

परंतु पहिल्याच दिवशीं एक विचित्र प्रकार दृष्टीस पडतो. समोरचा पडदा हातभर रुंद असतो आणि लिनक्स मात्र त्याच्या मध्यभागीं एका लहानशा चौकटींत अंग चोरून बसलेलें असतें. भोवतालची सारी जागा काळी. चौकट ओढून मोठी केली तर काळोख तेवढा वाढतो, चित्र वाढत नाहीं. कांहीं वेळां चौकट इतकी तोकडी पडते कीं, सूचनापत्राच्या तळाशीं असलेली ‘पुढें’ ही कळ पडद्याच्या कडेखालीं जाते. ती दिसत नाहीं, दाबतां येत नाहीं, आणि काम तेथेंच अडतें. मग हा विद्यार्थी जेथून मिळेल तेथून आज्ञा उतरवून घेतो, त्यांचा अर्थ न समजतां त्या सर्वाधिकारानें चालवितो, आणि होतें तेवढें चित्रहि घालवून बसतो. शेवटीं ‘लिनक्सच वाईट’ असा निकाल देऊन तो आभासी यंत्र पुसून टाकतो. त्याबरोबर पंधरा दिवसांचा अभ्यासहि पुसला जातो. खरी हळहळ वाटावी ती ह्या शेवटच्या पायरीची. कारण अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा तो न्याय असतो. वास्तविक हा दोष किरकोळ आहे. त्याचें कारण एकदां ध्यानांत आलें म्हणजे उपाय आपोआप सुचूं लागतो.

आभासी यंत्राची कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रीय केंद्रांत १९६०च्या दशकांतच तिचे प्रयोग झाले. एक मोठें, महागडें यंत्र अनेकांनीं वापरावें, आणि प्रत्येकाला मात्र तें आपल्या एकट्याचेंच आहे असें वाटावें, हा त्यांतील हेतु होता. ह्याच प्रयोगांतून निघालेली व्हीएम-३७० ही व्यवस्था १९७२ सालीं जाहीर झाली. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें आणली. २००७ सालीं इनोटेक ह्या जर्मन कंपनीनें व्हर्च्युअलबॉक्स लोकांस खुलें केलें. पुढें तें प्रथम सन आणि मग २०१० सालीं ओरॅकल ह्या कंपनीच्या हातीं गेलें. विद्यार्थ्यांच्या घरीं हें व्हर्च्युअलबॉक्सच पुष्कळदां आढळतें. तेव्हां पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

ह्या व्यवहारांत दोन शब्द रूढ आहेत, आणि ते आपल्या घरगुती भाषेंत फार चपखल बसतात. खऱ्या संगणकावरील मूळची व्यवस्था ती यजमान, आणि आभासी यंत्रांत उतरलेली ती पाहुणा. पाहुण्याला जें जें म्हणून मिळतें तें यजमानाच्या हातून. स्मृति, तबकडी, कळफलक, सारें यजमान वाढील तेवढेंच त्याच्या पानांत पडतें. पडद्याचीहि तीच गोष्ट आहे.

आतां पडद्याचें रिझोल्यूशन म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. संगणकाचें चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी होय. आडव्या ओळींत किती ठिपके आणि अशा ओळी किती, ह्या दोन आंकड्यांनीं चित्राची सूक्ष्मता ठरते. १९८७ सालीं आयबीएमनें आणलेल्या व्हीजीए पद्धतींत ६४० आडवे आणि ४८० उभे ठिपके असत. पुढें ८०० गुणिले ६००, मग १०२४ गुणिले ७६८, अशीं मोठीं मापें आलीं. आज १९२० गुणिले १०८० हें माप सर्रास दिसतें. १०२४ गुणिले ७६८ ह्या मापांत एकंदर ७,८६,४३२ ठिपके होतात, तर १९२० गुणिले १०८० ह्यांत २०,७३,६००. म्हणजे दुसरी रांगोळी पहिलीच्या अडीचपटीहून मोठी.

खऱ्या संगणकाला आपल्या पडद्याचें माप कसें कळतें? तें पडदा स्वतःच सांगतो. ईडीआयडी नांवाचा एक संकेत १९९४ सालीं ठरविण्यांत आला. त्यानुसार प्रत्येक पडद्याच्या पोटांत एक छोटेंसें ओळखपत्र ठेवलेलें असतें. त्यांत पडद्याचा कर्ता, त्याची लांबीरुंदी आणि त्याला चालणारीं मापें लिहिलेलीं असतात. तार जोडतांच संगणक तें ओळखपत्र वाचतो आणि योग्य तें माप निवडतो.

पाहुण्याची अडचण नेमकी येथें आहे. त्याच्यापुढें खरी काच नाहींच. यजमानाच्या पडद्यावर उघडलेली एक खिडकी हाच त्याचा पडदा, आणि ही खिडकी घटकेघटकेला लहानमोठी होते. तिच्यापाशीं कायमचें असें ओळखपत्र कोठून असणार? परक्या घरीं आलेला भिडस्त मनुष्य, कोणी ‘ऐसपैस बसा’ असें म्हणेपर्यंत खुर्चीच्या कडेवर टेकून राहतो. त्याचप्रमाणें पाहुणी व्यवस्था ८०० गुणिले ६०० किंवा १०२४ गुणिले ७६८ असें कोठेंहि चालून जाईल तें बेताचें माप धरून बसते. तिला ‘जागा मोठी आहे’ असें सांगणारें कोणीतरी हवें. तें सांगणें तीन ठिकाणीं अडूं शकतें: यजमानानें पुरेशी चित्रस्मृति दिलेली नसते, निरोप पोंचविणारा दुभाषा नसतो, किंवा निरोप पोंचूनहि पाहुण्याच्या चित्रव्यवस्थेला तो मानवत नाहीं. उपायांचा क्रमहि हाच ठेवावा.

कोणत्याहि उपायापूर्वीं एक गोष्ट करावी. व्हर्च्युअलबॉक्समध्यें ‘स्नॅपशॉट’ नांवाची सोय आहे. तिनें आभासी यंत्राची त्या क्षणाची संपूर्ण स्थिति जपून ठेवतां येते, आणि पुढें कांहीं बिघडल्यास त्या क्षणाकडे परत जातां येतें. खऱ्या यंत्राला ही चैन नाहीं; आभासी यंत्राला ती आहे, तर तिचा लाभ अवश्य घ्यावा. पंधरा दिवसांचा अभ्यास वांचविण्यास हें एक मिनिटाचें काम पुरेसें होतें.

पहिलें ठिकाण यजमानाचें. पाहुण्याला रीतसर बंद करावें. नुसतें निजवून ठेवलेलें यंत्र ह्या कामीं चालत नाहीं, कारण त्या स्थितींत हे बदल करूं दिले जात नाहींत. मग यंत्राच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘डिस्प्ले’ हें पान उघडावें. तेथें चित्रस्मृतीचा आंकडा असतो. लिनक्सच्या नव्या यंत्राला तो बहुधा १६ मेगाबाइट एवढाच दिलेला आढळतो. हा आंकडा पुरतो कीं नाहीं, हें साध्या गुणाकारानें कळतें. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठीं चार बाइट लागतात. १९२० गुणिले १०८० गुणिले ४ म्हणजे ८२,९४,४०० बाइट, सुमारें ८ मेगाबाइट. एवढें १६ मध्यें मावतें. परंतु ३८४० गुणिले २१६० ह्या मोठ्या पडद्याला ३,३१,७७,६०० बाइट लागतात. तेवढें १६ मध्यें मावणें शक्यच नाहीं. शिवाय चित्रव्यवस्था पुष्कळदां एकाहून अधिक चित्रें तयार ठेवते. यास्तव हा आंकडा १२८ पर्यंत वाढवून ठेवणें बरें.

त्याच पानावर ‘ग्राफिक्स कंट्रोलर’ म्हणजे चित्रनियंत्रक निवडण्याची जागा आहे. लिनक्स पाहुण्यासाठीं व्हीएमएसव्हीजीए हा नियंत्रक निवडलेला असावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ सालच्या अखेरीपासून, नव्या लिनक्स यंत्रांना तोच मिळतो. परंतु त्याआधीं तयार केलेल्या यंत्रांत जुना नियंत्रक तसाच राहिलेला असूं शकतो. चित्र अजिबात काळें पडत असेल, तर शेजारची ‘थ्री-डी अ‍ॅक्सिलरेशन’ ही खूण काढून पाहावी.

दुसरें ठिकाण दुभाषाचें. यजमानाची खिडकी केवढी झाली, हें पाहुण्याच्या कानीं घालण्यासाठीं ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ नांवाची साधनसामग्री पाहुण्याच्या आंत बसवावी लागते. दहांपैकीं नऊ वेळां आखूड पडद्याचें कारण हीच उणीव असते असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. तिचे दोन भाग आहेत. एक लिनक्सच्या गाभ्याशीं जोडला जातो; दुसरा वापरणाऱ्याच्या बैठकींत पडद्यामागें चालूं राहतो आणि प्रत्यक्ष माप बदलण्याचें काम करतो. २०१८ सालच्या ४.१६ ह्या आवृत्तीपासून पहिल्या भागांतील मुख्य घटक लिनक्सच्या गाभ्यांतच आलेला आहे. पण दुसऱ्या भागावांचून तो एकटा पडतो. ‘गाभ्यांत सर्व कांहीं आहे, तरी पडदा वाढत नाहीं’ अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें मूळ बहुधा येथें सांपडतें.

सामग्री बसविण्याची रीत उबंटु आणि डेबियन ह्या कुळांत पुढीलप्रमाणें आहे. आज्ञा इंग्रजी लिपींत लिहावयाच्या असतात. येथें त्या उच्चाराप्रमाणें दिल्या आहेत. प्रथम गाभ्याशीं जोडणारा भाग घडविण्याचीं हत्यारें आणावीं: ‘सुडो आप्ट इन्स्टॉल’ असें लिहून पुढें ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘डीकेएमएस’ आणि चालू गाभ्याचे ‘लिनक्स-हेडर्स’ हीं नांवें द्यावींत. हेडर्सची आवृत्ति चालू गाभ्याशीं तंतोतंत जुळली पाहिजे. ती ‘यूनेम’ ह्या आज्ञेला ‘-आर’ जोडलें असतां कळते. नंतर यजमानाच्या खिडकीवरील ‘डिव्हायसेस’ ह्या यादींतून गेस्ट अ‍ॅडिशन्सची तबकडी आंत सरकवावी. ही तबकडीहि आभासीच असते. तिच्यांतील ‘व्हीबॉक्स-लिनक्स-अ‍ॅडिशन्स’ हा कार्यक्रम ‘सुडो’च्या अधिकारानें चालवावा आणि काम संपल्यावर पाहुण्याला पुन्हां सुरू करावें. शेवटीं ‘व्ह्यू’ ह्या यादींतील ‘ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले’ ह्या ओळीवर खूण आहे ना, तें पाहावें. मग खिडकी ओढून मोठी केली कीं, चित्र तिच्याबरोबर वाढूं लागतें.

येथें दोन पथ्यें सांभाळावयाचीं. पहिलें असें कीं, यजमानाकडील व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ति आणि ह्या सामग्रीची आवृत्ति सारखी ठेवावी. एक नवी आणि दुसरी जुनी झाली म्हणजे दुभाषा अडखळतो. दुसरें असें कीं, लिनक्सचा गाभा नवा आला म्हणजे त्याला जोडलेला भाग पुन्हां घडवावा लागतो. हें काम बहुतेक वेळां आपोआप होतें; पण नव्या गाभ्याचे हेडर्स आले नसतील तर तेंहि थांबतें. ‘काल ठीक होतें, आज पडदा पुन्हां आखडला’ ह्या कोड्याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें. अशा वेळीं पाहुण्याच्या ‘व्हार’ ह्या कप्प्यांतील ‘लॉग’मध्यें ‘व्हीबॉक्सअ‍ॅड-सेटअप’ नांवाची नोंदवही असते, ती उघडून वाचावी. काम कोठें अडलें तें तींत लिहिलेलें असतें.

इतर यजमानांच्या घरींहि दुभाषा लागतोच. फक्त त्याचें नांव बदलतें. व्हीएमवेअरमध्यें ‘ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप’ हा संच बसवावा. केव्हीएमवर स्पाइस पद्धतीनें चालणाऱ्या यंत्रांत ‘स्पाइस-व्हीडी-एजंट’ बसवावा, आणि यजमानाच्या खिडकीवर पडद्याचें माप आपोआप बदलण्याची खूण करावी.

तिसरें ठिकाण पाहुण्याच्या चित्रव्यवस्थेचें. दुभाषा असूनहि हवें तें माप यादींत दिसत नसेल, तर पाहुण्याकडे कोणती चित्रव्यवस्था आहे हें प्रथम पाहावें. कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक जुनी एक्स, जिचा जन्म १९८४ सालीं एमआयटी ह्या विद्यापीठांत झाला. दुसरी वेलँड, जिची सुरुवात २००८ सालीं झाली आणि जी आतां पुष्कळ ठिकाणीं एक्सची जागा घेत आहे. ‘एक्सडीजी-सेशन-टाइप’ ह्या चलाची किंमत छापून पाहिली असतां दोहोंपैकीं कोण घरांत आहे तें कळतें.

एक्स असल्यास ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा कामास येते. ती नुसती चालविली असतां पडद्याचें नांव आणि चालणारीं मापें दाखविते. हवें तें माप यादींत नसेल तर तें हातानें घालतां येतें. त्यासाठीं प्रथम ‘सीव्हीटी १९२० १०८० ६०’ ही आज्ञा द्यावी. ती एक लांबलचक ओळ छापते. तींत प्रथम १७३.०० हा आंकडा येतो, मग १९२०, २०४८, २२४८, २५७६ हे आडवे आणि १०८०, १०८३, १०८८, ११२० हे उभे आंकडे येतात. नवशिक्याला ही मंत्राक्षरें वाटतात. पण त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. जुन्या चित्रनळींत एक ओळ रंगविल्यावर शलाकेला परत प्रारंभाकडे येण्यास वेळ लागे. त्या रिकाम्या वेळाचा हिशेब धरून १९२० च्या जागीं २५७६ आणि १०८० च्या जागीं ११२० मोजलेले असतात. २५७६ ला ११२० नें गुणिलें म्हणजे २८,८५,१२० होतात. १७ कोटी ३० लक्षांना त्यानें भागिलें तर सुमारें ६० येतात, म्हणजे सेकंदाला साठ चित्रें. आभासी पडद्यांत शलाका नाहीं आणि तिचें परतणेंहि नाहीं. तरी अर्ज ह्याच नमुन्यांत भरावा लागतो.

ती ओळ तीन पायऱ्यांनीं उपयोगांत आणावी. ‘एक्सरँडआर’पुढें दोन आडव्या रेघा आणि ‘न्यूमोड’ असें लिहून तिच्यापुढें, मापाच्या नांवापासूनची सर्व ओळ द्यावी. म्हणजे माप जन्मास येतें. मग त्याच रीतीनें ‘अ‍ॅडमोड’ लिहून पडद्याचें नांव आणि मापाचें नांव द्यावें. म्हणजे तें त्या पडद्याच्या यादींत चढतें. शेवटीं ‘आउटपुट’पुढें पडद्याचें नांव आणि ‘मोड’पुढें मापाचें नांव दिलें म्हणजे तें लागू होतें. पडद्याचें नांव मात्र एक्सरँडआरनें छापलें असेल अगदीं तसेंच लिहावें. एखाद्या यंत्रांत तें ‘व्हर्च्युअल१’ असतें, दुसऱ्यांत मध्यें आडवी रेघ असलेलें ‘व्हर्च्युअल-१’ असतें. दुसऱ्याच्या यंत्रावरून उतरविलेली आज्ञा ह्या एका रेघेपायीं फुकट जाते. शिवाय असें दिलेलें माप यंत्र बंद होतांच विसरलें जातें. तें कायम राहावें म्हणून ह्या तीनहि आज्ञा आपल्या गृहकप्प्यांतील ‘डॉट एक्सप्रोफाइल’ ह्या नोंदींत लिहून ठेवतात.

वेलँडच्या घरीं ही युक्ति चालत नाहीं. तेथें एक्सरँडआर चित्र कसें आहे तें दाखवूं शकते, पण नवें माप लादूं शकत नाहीं. अशा वेळीं गाभ्यालाच उठतां उठतां माप सांगावें. ‘ईटीसी’ कप्प्यांतील ‘डिफॉल्ट’मध्यें ‘ग्रब’ ही नोंद असते. तींतील ‘ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्ट’ ह्या ओळीच्या अवतरणचिन्हांत ‘व्हिडिओ’, बरोबरचें चिन्ह, पडद्याचें नांव, दुबिंदु आणि १९२० एक्स १०८० एवढें जोडावें. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ देऊन यंत्र पुन्हां सुरू करावें. मूळच्या नोंदीची प्रत आधीं काढून ठेवण्यास विसरूं नये.

ह्या खटाटोपांत चित्र अगदींच नाहींसें झालें तरी गांगरण्याचें कारण नाहीं. पाहुणा मेलेला नसतो; त्याचा फक्त पडदा पडलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्यें यजमानाची कळ म्हणून नेमलेली उजवीकडील कंट्रोल दाबून धरून एफ-३ दाबलें असतां बहुधा अक्षरांचा साधा पडदा समोर येतो. तेथें नांव आणि परवलीचा शब्द देऊन केलेला बदल मागें घेतां येतो. तेंहि न साधलें तर स्नॅपशॉट आहेच. आणि ‘पुढें’ ही कळ पडद्याखालीं गेली एवढीच अडचण असेल, तर ग्नोमच्या बैठकींत सुपर ही कळ दाबून धरावी आणि उंदरानें ती खिडकी कोठेंहि पकडून वर ओढावी. लपलेली कळ दिसूं लागते आणि स्थापना पुरी होते.

शेवटीं एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. पडदा आखूड असणें आणि अक्षर बारीक असणें, ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अलीकडच्या दाट ठिपक्यांच्या पडद्यांवर पाहुण्याचें माप पुरेपूर असतें, पण अक्षरें मुंगीएवढीं दिसतात. तेथें माप कमी करण्याचा मोह होतो. त्यानें अक्षर मोठें होतें खरें, पण तें धूसर होतें आणि डोळ्यांना शीण येतो. अशा वेळीं माप तसेंच ठेवून ‘डिस्प्ले’ ह्या पानावरील ‘स्केल फॅक्टर’ वाढवावा, अथवा पाहुण्याच्या आंतील मांडणींत दीडपट किंवा दुप्पट आकार निवडावा. घरांतील वडील मंडळींना पाहुण्याचा पडदा वाचावयाचा असेल, तर त्यांना हवें असतें तें हेंच.

आभासी यंत्र पुसून टाकण्यास एक क्षण लागतो. त्यांत केलेला अभ्यास त्या क्षणाबरोबर जातो आणि परत येत नाहीं. म्हणून निकाल देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: यजमानानें पुरेशी जागा दिली आहे काय? दुभाषा घरांत आहे काय, आणि तो यजमानाच्याच वयाचा आहे काय? पाहुण्याची चित्रव्यवस्था कोणती? ह्या तिहींपैकीं एकाचें उत्तर ‘नाहीं’ किंवा ‘ठाऊक नाहीं’ असें आलें कीं, काम कोठें करावयाचें तें ठरलें. मग उसनी आणलेली आज्ञाहि समजून देतां येते. आणि आजवर खुर्चीच्या कडेवर टेकलेला पाहुणा ऐसपैस बसतो.